खान्देशातल्या मोबाइल दुकानदारांना खुलं पत्र: फोन गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी दहा मिनिटं

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या सर्व मोबाइल दुकानदारांना आणि त्यांच्या काउंटरवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना,

सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरला एका बँकेच्या शाखेत काउंटरवर काम करते. दिवाळीची सुट्टी संपून शाखा उघडली की पासबुक घेऊन येणाऱ्यांत काही जण असे असतात, ज्यांच्या खात्यातून सणातच पैसे गेलेले असतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात कोरा फोन असतो. मुलानं पुण्याहून आणलेला, जावयानं सुरतेहून पाठवलेला, भावानं ओवाळणीत घातलेला. हे पत्र पोलिसांना किंवा बँकांच्या साहेबांना लिहिता आलं असतं. तुम्हाला लिहिते, कारण खोकं फोडल्यापासून फोन पहिल्यांदा चालू होईपर्यंत तो तुमच्या हातात असतो. पुढचं पुष्कळसं त्याच वेळात ठरतं.

मागणी एकच आहे. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत जो फोन विकाल, ज्यात सिम टाकून द्याल, ज्याला नुसती काच लावून द्याल, त्या प्रत्येक फोनला दहा मिनिटं जास्त द्या. गर्दी असते, मला ठाऊक आहे. जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडला त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. तरीही मागते. आपल्याकडे कापसाची पहिली वेचणी विकून पैसा याच दिवसांत खात्यावर येतो आणि चोरांनाही आपलं हे वेळापत्रक पाठ आहे.

सुरुवात जीमेल आयडीपासून करते, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो.

साठीची बाई फोन घ्यायला येते. तिला आयडी म्हणजे काय ते ठाऊक नसतं. काउंटरवरचा मुलगा भराभर आयडी बनवतो, पासवर्ड म्हणून तिचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन टाकतो, रिकव्हरी नंबर, म्हणजे पासवर्ड विसरला तर ज्यावर कोड येतो तो, दुकानाचा किंवा स्वतःचा देतो आणि खोक्याच्या झाकणावर आतून बॉलपेननं सगळं लिहून ठेवतो. काही ठिकाणी याहून वाईट घडतं. दुकानाचा एकच आयडी दहा गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये टाकला जातो. मग पारोळ्याच्या माणसाच्या फोनमध्ये शिरपूरच्या माणसाचे नंबर दिसायला लागतात. फोटोंचा बॅकअप चालू असेल तर एकाच्या घरचे फोटो दुसऱ्याच्या हातात जातात. कुणाचाही हेतू वाईट नसतो, पण त्या आयडीचा पासवर्ड ज्याला माहीत, त्याला त्या दहा घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पुढे कधी फोन फॉरमॅट मारला की तो जुना आयडी आणि पासवर्ड मागतो. तेव्हा बाईकडे ना खोकं असतं, ना दुकानातला तो मुलगा तिथे कामाला असतो.

आयडी तिच्याच नावाचा, तिच्याच नंबरावर करा. रिकव्हरीला दुसरा नंबर लागलाच तर तिच्या मुलाचा किंवा मुलीचा घ्या, तेही त्यांना तिथल्या तिथे फोन लावून. पासवर्ड टाकायला फोन तिच्या हातात द्या आणि तुम्ही मान वळवा. तिला लिहिता येत नसेल तर सोबत आलेल्या घरच्या माणसाला टाकू द्या. पासवर्ड लिहून ठेवायचाच असेल तर घरच्या वहीत लिहायला सांगा, खोक्यावर नको.

यूपीआयचा पिनही तसाच. अ‍ॅप चालू करून देताना डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डाची मुदत तुमच्यासमोर टाकली जाते, ओटीपी तुमच्यासमोर येतो आणि वर पिनही तुम्हीच विचारून टाकता. "काय ठेवू मावशी, जन्मसाल ठेवू का?" हा प्रश्न मी दुकानात उभी राहून स्वतःच्या कानांनी ऐकलाय. पिन विचारूच नका. आणि एक वाक्य मात्र प्रत्येकाला सांगा: पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला. एका माणसानं दुसऱ्याकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली आहे. तरीही क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा, पैसे जमा होतील" म्हणणारे आहेतच.

आता जे सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते.

मागच्या दिवाळीनंतर बोरीकाठच्या एका गावातून एक आजी आल्या होत्या. फोन नवा, कव्हर नवं, काचेवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. कापसाचे पैसे खात्यावर आले आणि दोन दिवसांत तीन वेळा कापले गेले. आमच्या शाखेत त्यांना जो तो एकच विचारत होता, "ओटीपी कुणाला सांगितला?" त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "कोणलेच नही, ताई." कुणाचा विश्वास बसत नव्हता. मी फोन हातात घेतला. व्हॉट्सअ‍ॅपवर गावच्याच ग्रुपमधून पीएम किसान नावाची एक फाइल आलेली होती, शेवटी एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट अ‍ॅप टाकणारी फाइल. नातवानं ती उघडली होती. अ‍ॅपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली, त्यानं "हो" दाबलं. त्यानंतर बँकेचा प्रत्येक ओटीपी आजींच्या आधी तिकडच्या चोराला मिळत होता. आजी खरंच बोलत होत्या. त्यांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

यात दुकानाचा संबंध काय, असं विचाराल. अँड्रॉइड फोन बाहेरून आलेली एपीके फाइल सहजासहजी घेत नाही, आधी परवानगी मागतो. त्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपला आणि फाइल मॅनेजरला ती परवानगी आधीच दिलेली होती. सिनेमे, गाणी आणि अ‍ॅप दुकानातल्या फोनवरून शेअर करून टाकताना कुणीतरी ती चालू केली आणि तशीच ठेवली. डेटा वाचावा, गिऱ्हाइकाला आयतं मिळावं, म्हणून आपल्याकडे हे सर्रास चालतं. कृपा करून थांबवा. अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या, वेळ लागला तर लागू द्या. फोन हातात देण्याआधी सेटिंग्जमध्ये "अज्ञात" (फोन इंग्रजीत असेल तर "unknown") एवढा शब्द शोधा. "अज्ञात अ‍ॅप्स इंस्टॉल करा" अशी यादी उघडते. त्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजर या सगळ्यांपुढची परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे धोकादायक अ‍ॅप शोधणारी सोय, चालू आहे ना, तेही बघा. याला एक मिनिटसुद्धा लागत नाही. या पत्रातली बाकी एकही गोष्ट तुम्हाला जमली नाही, तरी ही एक करा.

कारण त्या फायली थांबणार नाहीत, नुसतं नाव बदलत राहतं. पीएम किसान झालं, आरटीओचं चलान झालं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि लग्नपत्रिकेच्या नावानं एपीके येते. ओळखीच्याच माणसाच्या नंबरावरून येते, कारण आधी त्याचा फोन हातचा गेलेला असतो. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, तिच्यासाठी अ‍ॅप घ्यावं लागत नाही, हे लोकांना तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. आम्ही बँकेतून पाठवलेले सूचनांचे मेसेज कुणी वाचत नाही.

भाऊबीजेच्या फोनाबद्दल जरा वेगळं सांगायचंय. भाऊ फोन घेतो, स्वतःचाच आयडी टाकतो, पॅटर्न स्वतःच ठरवतो आणि बहिणीला देतो. प्रेमानंच देतो. पण मग तिचे फोटो, तिचे नंबर, ती कुठे आहे ते, सगळं त्याच्या आयडीवर जमा होत राहतं. फोन जिच्यासाठी घेतलाय तिचाच आयडी त्यात असला पाहिजे. ती सासरी असेल तर आयडी न टाकता फोन तसाच द्या आणि भावाला सांगा, तिच्या गावच्या दुकानात किंवा तिच्याच हातानं चालू होऊ दे. आणि बायकोच्या किंवा बहिणीच्या फोनमध्ये गुपचूप नजर ठेवणारं अ‍ॅप टाकून दे म्हणणारं गिऱ्हाईक आलं, तर त्याला सरळ परत पाठवा. त्या दोन-तीनशे रुपयांसाठी एखाद्या बाईचं जगणं नासवू नका.

लहान मुलांच्या फोनात दुकानं एक गोष्ट हमखास चुकवतात. बारा वर्षांच्या पोराचा आयडी बनवताना जन्मसाल मुद्दाम मागचं टाकतात, म्हणजे आईबापाच्या परवानगीची कटकट नको. त्या क्षणापासून तो पोरगा गूगलच्या लेखी मोठा माणूस होतो. त्याला मोठ्यांच्या जाहिराती दिसतात, मोठ्यांसाठीची अ‍ॅप मिळतात आणि खेळातली खरेदी करताना अडवायला कुणी उरत नाही. खरं साल टाका. मुलाच्या फोनवर लक्ष ठेवायचं फॅमिली लिंक नावाचं अ‍ॅप बापाच्या फोनमध्ये घालून जोडून द्या, ते फुकट आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्यानं बंदी आली. आता असले खेळ बाहेरून एपीके म्हणूनच गळ्यात मारले जातात, म्हणजे वरची ती परवानगी बंद करणं पोरांच्या फोनातही तितकंच गरजेचं.

आता ऑनलाइन सेलकडे येते. तुमचा त्यावर राग आहे आणि तो मला समजतो. गिऱ्हाईक तुमच्याकडे येऊन फोन हाताळून बघतं, भाव विचारतं आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतं. तरी काच लावायला, सिम कापायला, "हा मेसेज खरा आहे का हो भाऊ" असं विचारायला ते तुमच्याकडेच परत येतं. त्या वेळी त्याला टोमणा मारू नका, उत्तर द्या. ऑनलाइनवाला त्याला अहिराणीत समजावून सांगणार नाही, तुम्ही सांगू शकता. आपल्याकडे कृषी केंद्रवाला बियाण्याची पिशवी देताना लागवडीचं अंतरही सांगतो, म्हणून शेतकरी दरवर्षी त्याच्याच दाराशी जातो.

सणातल्या फसव्या लिंका तुम्ही माझ्याहून जास्त पाहिल्या असतील. वीस हजारांचा फोन दोन हजारात, पाच ग्रुपला पाठवा म्हणजे कूपन मिळेल, चाक फिरवा आणि बक्षीस जिंका. गिऱ्हाइकाला एवढंच शिकवा, की मेसेजमधल्या लिंकवरून खरेदीला जायचंच नाही. कंपनीचं अ‍ॅप स्वतः उघडायचं आणि तिथे तीच ऑफर दिसते का ते बघायचं. खरी असेल तर तिथे दिसेलच. महागडी वस्तू मागवताना खोकं डिलिव्हरीवाल्यासमोर उघडायची सोय मिळत असेल तर ती घ्यायची आणि आतली वस्तू बघूनच ओटीपी सांगायचा. विकणाऱ्यानं आपलं नाव, पत्ता आणि तक्रार कुणाकडे करायची ते दाखवलं पाहिजे, असं 2020 चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम सांगतात. नुसता व्हॉट्सअ‍ॅप नंबर देणाऱ्या दुकानातून फोन घ्यायचा नाही. माल खराब निघाला आणि विकणारा दाद देत नसेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

पण माझ्याकडे येणारे बरेच जण खरेदीत फसलेलेच नसतात, ते खरेदीनंतर फसलेले असतात. पार्सल आलं नाही म्हणून इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि तो चोराचा निघतो. तो गोड बोलून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप घ्यायला लावतो आणि मग आपण पिन टाकताना बघत बसतो. किंवा कुरिअरवाला म्हणून फोन येतो, "तुमचा पत्ता सापडत नाही, अमुक नंबर डायल करा." तो नंबर *21* किंवा *401* नं सुरू होत असेल, तर डायल करणाऱ्याचे कॉल दुसऱ्याच नंबरावर वळतात आणि कॉलवरून येणारे ओटीपी तिकडे जातात. चुकून डायल झालंच तर ##002# डायल केल्यावर वळवलेले कॉल बंद होतात. तुमच्याकडे कुणी "माझा फोनच येत नाही" अशी तक्रार घेऊन आलं, तर रेंज आणि सेट बघण्याआधी हे बघा. कस्टमर केअरचा नंबर कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा बिलावरून घ्यायचा, हेही सांगा. बँकांच्या वेबसाइटचे पत्ते आता "डॉट बँक डॉट इन" असे संपतात, वेगळं काही दिसलं तर तिथे आकडे टाकायचे नाहीत.

पैसे गेल्यावर काय करायचं, हे आमच्याकडच्या फार थोड्या लोकांना माहीत आहे आणि त्यात सणाचा वेगळा घात आहे. लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला बँका बंद असतात. त्याला लागून रविवार किंवा चौथा शनिवार आला की सलग दिवस जातात. लोक शाखा उघडायची वाट बघत बसतात. चोर मात्र तासाभरात ते पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात फिरवून काढून घेतो. 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर सणासुदीलाही चालू असतो. तिथे तक्रार गेली की ज्या खात्यात पैसे पोचले त्या बँकेला लगेच कळवलं जातं आणि तिथे जेवढी रक्कम शिल्लक असेल तेवढी रोखून धरता येते. पैसे पुढे निघून गेले की हातात फारसं काही उरत नाही. म्हणून फसवणूक कळल्याबरोबर पहिला फोन 1930 ला, मग बँकेच्या हेल्पलाइनला, मग घरच्यांना. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआयच्या व्यवहाराचा 12 आकडी नंबर हाताशी ठेवायचा.

माझी विनंती आहे की हा नंबर प्रत्येक नव्या फोनमध्ये तुम्हीच सेव्ह करून द्या, नाव द्या "पैसे गेले तर". आणि दुकानात क्यूआर कोडशेजारी एक कागद चिकटवा, अहिराणीतच: "खातामाईन पैसा गयात? लगेच 1930 ले फोन लावा." भुसावळ, यावल, रावेरकडे लेवा बोलीत लिहा. तळोदा, अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिली येणारा मुलगा दुकानात असेल तर त्यानं तोंडीच सांगावं. दिवाळीनंतर तिकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, जाताना फोन घेतात आणि मग महिनोन्‌महिने त्यांना विचारायला ओळखीचं कुणी नसतं.

जुना फोन बदल्यात घेता, तेव्हा गिऱ्हाइकासमोर त्याचा आयडी काढा, त्याच्यासमोरच फॉरमॅट मारा, सिम आणि मेमरी कार्ड त्याच्या हातात ठेवा. "नंतर करतो" म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलेल्या फोनात त्याचे आधारचे फोटो आणि बँकेचं अ‍ॅप तसंच पडून राहतं. तुम्ही स्वतः जुना फोन घेताना *#06# डायल करून 15 अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बघा. इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो नंबर 14422 वर पाठवला की फोन नोंदलेला आहे की काळ्या यादीत गेलेला, ते कळतं. दूरसंचार खात्याच्या संचार साथी वेबसाइटवरही बघता येतं. बिल पक्कं द्या आणि त्यावर आयएमईआय छापा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन संचार साथीवर तो ब्लॉक करताना हाच नंबर लागतो. चार्जर आणि पॉवर बँक बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) नोंदणी क्रमांकाचेच ठेवा, बीआयएस केअर अ‍ॅपवर तो क्रमांक तपासता येतो. ओवाळणीत दिलेला चार्जर रात्रभर उशाशी लागलेला असतो.

सिमबद्दल एकच. एकदा अंगठा घ्यायचा, दुसऱ्यांदा "मॅच झाला नाही" म्हणून घ्यायचा आणि त्यावर वेगळंच सिम चालू करायचं, असं करणारे थोडे असतील, पण आहेत. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्याला तुम्हीच अडवा. ते सिम पुढे ज्या फसवणुकीत वापरलं जातं, त्यात पोलीस आधी त्या गरीब माणसाच्या दारात येतात. आपल्या नावावर किती सिम आहेत हे संचार साथीवर दिसतं, ते गिऱ्हाइकाला दाखवून द्या.

वसुबारसेच्या आधी माझ्या एका सहकाऱ्यासोबत मी अमळनेरच्या बाजारपेठेतल्या दुकानांत बँक सुटल्यावर येणार आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये हे सगळं कुठे सापडतं ते कामाला असलेल्या मुलांना एकदा बसून दाखवू. दुसऱ्या तालुक्यांतल्या दुकानदारांनी आपापल्या गावच्या बँक शाखेत जाऊन अशीच मदत मागावी. शाखेत माझ्यासारखं कुणीतरी असेलच, आणि सणाच्या आधी त्यांच्याकडे वेळही असतो.

आपली,
अमळनेरच्या एका बँक शाखेतली कर्मचारी